इकडून ओके

लातूर, मंगळवार

जेवण गेलं नाही. घरचं नेट बंद म्हणून आमच्या गिऱ्हाईक शबानाआपांनी दुपारी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी नेट कंपनीच्या ऑफिसात बसूनच लाइनची टेस्ट लावली आणि म्हणालो, "इकडून ओके हाय." आमची टेस्ट खांबावरच्या डब्यापर्यंतच जाते, पुढची वायर तिला दिसतच नाही. ठाऊक होतं की मला! उठून जायला काय झालं होतं?

संध्याकाळी गेलो. घरात शिरते तिथंच वायर उंदरानं कुरतडली होती. जोडून दिली.

आपा म्हणाल्या, "क्लासची ऑनलाइन परीक्षा चुकवायला पोरगी खोटं बोलून राहिली, असं वाटलं, भैया. तुम्ही ओके म्हणलात, म्हणून दोन ठेवून दिल्या तिला."

पोरीनं डोळे पुसत मोबाइलवर नेट लावून बघितलं. म्हणाली, "काका, आता इकडून बी ओके हाय."