टीप कुणाची?

हायडेलबर्ग, शनिवार, १८ नोव्हेंबर १९६१

डोकं अजून तापलेलंच आहे. आणि राग नक्की कुणावर, तेच कळत नाही.

आज रेस्टॉरंटच्या मोरीवर माझ्यासोबत ग्लास धुताना हिल्डेबाईंनी इथल्या रीतीने 'हेर' म्हणजे 'श्रीयुत' लावून विचारलं, "हेर जोशी, तुम्ही कायद्यात डॉक्टरेट करताय ना? मग सांगा, गिऱ्हाइकांची टीप एकटा वेटरच का घेतो? ग्लास तर आपण धुतो." सोड्याने भेगाळलेले त्यांचे हात माझ्यासमोर होते. आणि मी? सेमिनारमध्ये सांगावं तसं सांगितलं, की टीप ही गिऱ्हाइकाने दिलेली भेट. ज्याच्या हातात ठेवली, त्याची. त्यांनी पुन्हा पाण्यात हात घातले.

इतकं अचूक बोलायची काय गरज होती? बरं, चुकीचं काही बोललो नाही, हाच तर वैताग.

मग एक म्हातारे गृहस्थ छत्री विसरून निघाले. वेटर कामात होता, म्हणून ओल्या एप्रनवर मीच रस्त्यात धावलो. छत्री घेऊन त्यांनी माझ्या हातात दोन मार्क ठेवले. चला, सुटलो, असं वाटलं. आत येऊन त्यातला एक हिल्डेबाईंपुढे धरला.

त्यांनी हात पुसले आणि माझी मूठ मिटवली. रागाने नाही, अगदी समजावल्यासारखं म्हणाल्या, "नको, हेर जोशी. तुमच्या हातात दिलेत ना?"

दोन्ही मार्क आता टेबलावर पडलेत. कायद्याने माझेच.