कोपराला टेकतं ते

कान्हे,
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

प्रिय सत्यम,
संदेशचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र फाडलं नाहीस, एवढं झालं तरी पुष्कळ. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून टपाल. दहावीनंतर इतकं हातानं पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नकोस.

चाकणला थंडी कमी असेल. इकडे सकाळी बोटं वळत नाहीत. आमची सृष्टी बालवाडीत जायला लागली, रोज कुणाला तरी चावून येते. माधवी कामशेतच्या मेडिकल दुकानात कामाला जाते. सोपानभाऊंनी लोणावळ्याच्या पूल पार्लरला पोपटी रंग दिला आहे. आत गेलं की भोपळी मिरचीत शिरल्यासारखं वाटतं, पण त्यांना सांगणार कोण?

माझं म्हणशील तर खेळ गेला. वाईट दिवस आपल्याला नवे नाहीत. दोन वर्षांपूर्वी माझा हात असाच गेला होता, तेव्हा तू मला तीन आठवडे मॅच खेळू दिली नव्हतीस. रोज पन्नास बॉल सरळ पॉकेटात घालायचे, बस. चौथ्या आठवड्यात हात परत आला. या वेळी तेही केलं. क्यूच्या टोकाची टीप बदलली, उभं राहायची पद्धत बदलली, डोळे तपासून आणले, पंधरा दिवस क्यूला शिवलो नाही. माधवीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. काही फरक नाही. रिक्षावाला पवन, ज्याला क्यू धरायला तू शिकवलंस, त्यानं मला पाच-शून्य हरवलं आणि वर विचारलं, "दादा, बरं न्हाई का?" खंडाळ्याच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना पूल शिकवायची माझी नोकरी, आणि परवा एका पाहुण्या बाईंनी मला हरवलं. मॅनेजर हसले. पुढच्या वेळी हसणार नाहीत.

हे जवळजवळ वर्षभर चाललंय. म्हणजे पार्लरच्या फायनलला आपला गैरसमज झाला, तेव्हापासून.

हाताला काही झालेलं नाही, सत्या. टेबलावर वाकलो की डाव्या कोपराला काहीतरी टेकतं. गार, गुळगुळीत, बॉलएवढं. मी थांबतो, बघतो. कोपरापाशी काही नसतं. आता या थंडीत मी बाह्या दुमडून खेळतो, लोक हसतात. तरी टेकतं. जेवतानाही मी कोपर बघतो, हे माधवीनं मला सांगितलं, मला माहीत नव्हतं. आणि रिसॉर्टची पूल रूम सकाळी मी उघडतो तेव्हा आतून कापडावर ब्रश फिरल्याचा आवाज येतो. कुलूप माझ्या हातात असतं. मला भीती वाटते रे. खोटं कशाला सांगू.

सोपानभाऊंचा नियम तुला सांगायला नको, तरी लिहितो. हे पत्र दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं. पार्लरमध्ये रेफरी नाही. अंग किंवा कपडा बॉलला लागला तरी फाउल, आणि फाउल झाला तर खेळणाऱ्यानंच सांगायचा. समोरच्याला शंका आली तर त्यानं विचारायचं. मग खेळणारा टेबलावर तळहात ठेवून जे बोलेल ते शेवटचं. आणि ज्याची शंका खोटी ठरेल, त्यानं सगळ्यांसमोर पूर्ण टेबल ब्रशनं झाडायचं.

फायनलला माझा फक्त काळा उरला होता. तुझा एक लाल आणि काळा. रिसॉर्टचे मॅनेजर समोर बसले होते, जिंकेल त्याला नोकरी. मी जर्किन घालून लांबवर वाकलो. तू म्हणालास, "संद्या, बाही लागली." मी तळहात ठेवला आणि म्हणालो, "न्हाई लागली." आणि काळा घालून जिंकलो.

तू भांडला नाहीस. ब्रश घेतलास आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल झाडलंस. एकही पट्टा सोडला नाहीस. ब्रश खिळ्याला अडकवलास आणि गेलास. तुझ्या मागं लोक काय काय बोलले ते मी ऐकलं. मी पेढे वाटत होतो.

वर मी गैरसमज असं लिहिलं आहे. ते खोडत नाही, पण ते खोटं आहे.

पत्ता मागायला तुझ्या घरी गेलो होतो. मुक्तामावशीनं मला बसवून भाकरी वाढली. म्हणाली, "लय लाज वाटती रं मला. दोस्तावर आळ घेतला माज्या पोरानं. तू मनात धरू नगंस. तुजं ऐकतोय त्यो, म्हनावं झालं त्ये झालं, घरला ये." तुझी आईसुद्धा तुलाच खोटा समजते, हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी खरं काय ते सांगितलं नाही. मी भाकरी खाल्ली, पत्ता घेतला आणि आलो.

परवा रविवारी दुपारी पार्लर भरलेलं असताना मी टेबलावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं. बाही लागली होती, सत्या खरं बोलत होता. सोपानभाऊंनी उठून मला मिठी मारली. "दोस्ताला परत आणायला सोताच्या अंगावर घेतोय. असं काळीज पायजे!" पवन म्हणाला, "दादाला खोटं बोलताच येत न्हाई, बगा कसा लाल झालाय." मी ओरडलो, शपथ घेतली. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. सत्या, मी खरं बोललो आणि माझीच अब्रू वाढली. तू होतास तिथंच राहिलास.

म्हणून हे कागदावर. पार्लरमध्ये चिकटव, मॅनेजरना दाखव, सगळ्यांत आधी मावशीला वाचून दाखव. नोकरी जाईल, हे मी माधवीला सांगितलं आहे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी म्हणाली, "पत्र टाकलंत का?"

यानं माझा खेळ परत येईल, असा लोभ मनात आहे. तोही लिहून टाकतो. माफी मात्र मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या डोक्यावर आणखी ओझं नको.

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४ च्या फायनलमध्ये माझी डावी बाही सत्यमच्या लाल बॉलला लागली. बॉल हलला. मी तो हललेला पाहिला. सत्यम खरं बोलला. मी खोटं बोललो.

संदेश रखमाजी सातकर
मु. पो. कान्हे, ता. मावळ