सतरा मुकी शटलं

३ मार्च, मंगळवार

बसले आणि मोडलं!

मावशीचं शटल. चाळीस वर्षं वापरलेलं. माझ्या लिहायच्या खुर्चीवर होतं, मी नेहमीसारखी न बघता धपकन बसले – कट्ट! तिथं आलंच कसं देव जाणे. ती ते डब्याबाहेर ठेवत नाही कधी.

मावशी समोरच होती, खिडकीपाशी. मान वळवलीसुद्धा नाही. दोन तुकडे तिच्या तळहातावर ठेवले तेव्हा बोटं फिरवली. "बसलीस?" म्हणाली. मग, "असू दे. जुनंच होतं."

एवढंच! ओला टॉवेल पलंगावर टाकला तर आठवडाभर ऐकवणारी बाई ही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

काय मोडलं ते नीट लिहून ठेवते. शिक्षा म्हणून.

बोटाएवढं लाकडी होडकं. दोन पानं, मधे खुंटी, खुंटीवर दोरा. पानांची टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली – दोरा ओढला की त्यांच्यामधून निसटताना 'टक'. याच्यावर ती लेस करते, टॅटिंगची. म्हणजे सगळ्या गाठीच गाठी. डाव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याचा फास, त्यावर पाच गाठी, मग एक सैल कान – कपाला असतो तसा, पण तिळाएवढा. कान झाला की शटलमधून एक टक दोरा सोडायचा. चार टक झाले की शेवटच्या पाच गाठी, दोरा ओढायचा, कडं बंद.

तीन वर्षांपूर्वी तिच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. "तुझे खांदे दिसतात, तोंड दिसत नाही. फारसं बिघडत नाही," असं मला म्हणते. पाच गाठी तिच्या बोटांना कळतात. पण कान किती झाले ते चाचपायला गेलं तर चिमटीतलं कडं सुटतं. ते ती टक मोजून ठरवते. कानांची मोजणी कानांनी.

वाचणं गेलं, शिवणं गेलं, पत्ते गेले. हे एक उरलं होतं. त्यावर मी बसले.

४ मार्च

दोऱ्या-बटणांच्या दुकानात.

"शटल आहे का?"

"बॅडमिंटनचं पुढच्या गल्लीत."

"लेसचं हो, टॅटिंगचं!"

दुकानदारानं तीन ड्रॉवर उपसले. चौथ्यात गुलाबी प्लास्टिकचं एक निघालं. मावशीनं दोरा भरला, दोनदा ओढला. "मुकं आहे." आहेच मुकं. टोकांत ही एवढी फट.

"राहू दे गं," म्हणाली. "चाळीस वर्षं केलं. पुरे झालं."

पुरे काय झालं! मी म्हटलं, लाकडाचं करते. स्वतः.

खो खो हसली. "तू? कादंबरीचं काय झालं?" (क्रियापद नसलेली कादंबरी. अकरा पानं.) "आणि ते नाटक?" (रंगमंचावर कुणीच न येणारं. बघायलाही कुणी आलं नाही.) "आणि ती गिटार?"

कॉलेज संपल्यावर 'लिहायला' म्हणून हिच्याकडे आले, त्याला दोन वर्षं झाली. तिच्याकडे पुरावे भरपूर आहेत.

७ मार्च

खालच्या मजल्यावरचे सुतारकाका. त्यांना मोडलेलं शटल दाखवलं. बराच वेळ बघत राहिले – माझ्याकडे नाही, लाकडाकडे. "हे ज्यानं केलंय त्याला कसलीच घाई नव्हती."

"जोडता येईल?"

"बघतो. मागे लागू नकोस."

कागदात गुंडाळून फळीवर ठेवलं. मला एक पातळ फळकुट दिलं, बारीक करवत, कानस आणि पॉलिशपेपरचे तुकडे. मी कानस धरली तशी म्हणाले, "पोरी, पेन नाही ते."

११ मार्च

पहिलं : करवतीखालीच दोन तुकडे.

दुसरं : सुतारकाका म्हणतात, चमचा छान झालाय.

१३ मार्च

तिसरं. पानं चिकटवून कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर ठेवलं. सकाळी दोरा भरला – शिंपल्यासारखी उघडली पानं! करवतीनं अंगठाही कापला. मावशीनं पट्टी बांधली, चाचपत, पण बरोबर. "झाली ना हौस? सोड आता."

प्रेमानं म्हणाली. म्हणूनच जास्त झोंबलं. नाही सोडणार.

१८ मार्च

चौथं वाजतं!!

युक्ती अशी – पानं आतून किंचित पोकळ घासायची, म्हणजे टोकं आपसूक एकमेकांकडे झुकतात. मग शेवटी पॉलिशपेपर टोकांमधून फक्त दोनदा ओढायचा. तिसऱ्यांदा ओढला की गेलं.

सुतारकाकांनी कानाशी धरून दोरा ओढला. "वाजतंय की! पाल चुकचुकल्यासारखं."

जिन्यावरून धावत वर. मावशीनं हातात घेतलं, पान कुरवाळलं, दोरा ओढला. टक. पुन्हा. टक. चेहरा खिडकीकडे.

"मुकं."

"अगं वाजतंय!"

"तुला वाजत असेल."

१९ मार्च

विचार केला. डोळे अधू झालेल्या माणसाचे कान तिखट होतात. मला जे 'टक' वाटतं ते तिला काहीतरी फुसकं वाटत असणार – तिचा टक वेगळा, चाळीस वर्षं मुरलेला. मी कोण तिला शिकवणारी? तिच्या कानांना पसंत पडेल असं करायचं. बस.

२५ मार्च

आजची नोंद क्रियापदाशिवाय :

पाचवं – खुर्चीच्या मोडक्या पायाचं. जड. सहावं – शाळेतल्या फूटपट्टीचं, पाठीवर अजून सात, आठ, नऊ. सातवं – जुन्या ड्रॉवरच्या बुडाचं, आत कुणाचा तरी शाईचा डाग. आठवं – पुन्हा फूटपट्टी. आवाज मला स्पष्ट, सुतारकाकांना स्पष्ट. मावशीच्या मते : मुकं, मुकं, मुकं, मुकं.

जमलं! (गेलं. 'जमलं' हे क्रियापद.)

२ एप्रिल

आईचा फोन. "ताई फोन का उचलत नाही गं माझा? रुसलीये का?"

म्हटलं, तिचं लक्ष नसेल. माझ्यावरही रुसलीये बहुतेक. स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू?" तर म्हणते, "टाक तिथंच, मी नंतर आवरते."

टोमणा! माझ्या भुश्श्यावरून. मान्य. सगळ्या घरात भुस्सा आहे, साखरेच्या डब्यातसुद्धा.

अकरावं : मुकं.

६ एप्रिल

बारावं, तेरावं. भांडण.

मी तिच्या तोंडासमोर जाऊन ओरडले. "मुद्दाम करतेस तू!"

"हो," म्हणाली. "मुद्दाम करते. बस?"

आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली. हात मांडीवर नुसते पडलेले. त्या हातांकडे बघवत नाही मला. महिनाभरापूर्वी हे हात कधी रिकामे नसायचे. आता ती स्वतःच्याच साडीचा काठ बोटांत घेते, पाच वेळा चिमटते, थांबते. पुन्हा पाच वेळा.

संध्याकाळी चौदावं कापायला घेतलं. रागात चांगलं कापलं जातं.

१० एप्रिल

सतरावं.

हे चांगलं आहे. मला लिहिताना कधी म्हणता आलं नाही हे – चांगलं आहे. पानं इतकी पातळ की उजेडाला धरली तर कडा लालसर दिसतात. खुंटी बरोबर मधे. आवाज कोरडा, नेमका, वाक्यातल्या पूर्णविरामासारखा.

सुतारकाकांनी घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. चमच्याचा विनोद केला नाही! नुसतं परत दिलं आणि म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून 'हं' म्हणजे हारतुरेच.

मावशी : "मुकं." मग, "पण गुळगुळीत झालंय हो."

जिन्यात बसून रडले. पाच मिनिटं. मग खाली जाऊन अठराव्यासाठी फळकुट मागितलं.

११ एप्रिल

फळकुटाऐवजी सुतारकाकांनी कागदाची पुडी दिली. आत तिचं शटल! जोडलेलं! तडा दिसतो, केसाएवढा. आतून पितळेची बारीक खीळ घातलीये, बाहेरून कळतही नाही.

"दोरा ओढून बघ."

ओढला. टक.

तोच. दोन वर्षं शेजारच्या खोलीत बसून ऐकलेला. त्याच्या तालावर मी माझी अकरा पानं लिहिली आणि खोडली.

माझे डोळे भरून आले. ते म्हणाले, "रडायचं तर बाहेर. लाकूड ओलं होतं."

१२ एप्रिल, रविवार

सकाळी दिलं. काही न सांगता, अठरावं असल्यासारखं. तिनं हातात घेतलं मात्र – अंगठा बरोबर पानावरच्या झिजलेल्या जागी जाऊन बसला.

"अगं! माझं!"

एवढी खूश तिला मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. लगेच दोरा भरला. फास बोटांवर, पाच गाठी, कान. दोरा ओढला – टक. मी दारात उभी. मला तिथवर ऐकू आलं. पाच गाठी, कान. टक.

आणि ती थांबली. शटल कानाशी नेलं. ओढलं. टक. पुन्हा ओढलं. टक. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"मोडलं ते मोडलंच," म्हणाली. "हेही मुकं झालं बिचारं."

हे बोलताना सुद्धा तिच्या हातात ते वाजत होतं. टक. टक.

 

दुपारी ती झोपल्यावर तिचा डबा उघडला. लेसची गुंडाळी काढून जमिनीवर पसरली आणि मोजायला बसले. चार कान, चार कान, चार कान – कित्येक हात सगळं चार. मग शेवटच्या दीड वितेत पाच. तीन. चार. सहा. तीन. एक कडं तर बंदच झालेलं नाही.

ही दीड वीत मी बसण्याच्या आधीची आहे. धड शटलावरची. वाजणाऱ्या शटलावरची.

म्हणजे आवाज शटलाचा नाही गेलेला.

एकदम सगळं ओळीनं समोर आलं. न उचललेले फोन. चहा. मी मोडलं तेव्हाचा तो कट्ट – हाताच्या अंतरावर असूनही तिची न वळलेली मान. आणि मी काय म्हटलं होतं? कान तिखट!

ती उठल्यावर मागे उभी राहून हाक मारली. "मावशी." मग जोरात. मग आणखी जोरात. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकली. "आलीस कधी?"

१३ एप्रिल

सांगायचं कसं? अठरावं, एकोणिसावं, विसावं करणं याहून सोपं.

१४ एप्रिल

सांगितलं. जवळ बसून, कानाशी तोंड नेऊन.

"कळलं तर," म्हणाली. "सहा-सात महिने कमी कमी होत गेलं, शेवटी टकही गेला. डोळ्यांचं सगळ्यांना सांगून झालं होतं. आता कानही गेले, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, शटल मोडलं म्हणून सोडलं, हे बरं दिसतं. तुझ्या खुर्चीवर मीच ठेवलं होतं. तू बघून बसलीयस कधी?"

"आणि दर वेळी मुकं?"

"तिसऱ्यालाच सोडशील असं धरून चालले होते. आजवर पूर्ण काय केलंयस तू?"

मला हसू फुटलं. तिलाही. मग तिनं माझा हात चाचपला. अंगठ्यावरच्या व्रणापाशी तिचं बोट थांबलं.

"अठराव्याची टोकं आणखी घट्ट ठेव," म्हणाली. "वाजली नाहीत तरी चालेल. दोरा निसटताना माझ्या अंगठ्याला कळली पाहिजेत."