आईचं दातवण

कोबे, ताइशो बादशहांचं दहावं वर्ष,
२० मार्च

चि. नामीस तुझ्या ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र, सुके मासे आणि आईचं दातवणाचं भांडं, सगळं आवाजी बेटाच्या बोटीवरून नीट पोचलं. प्लमचा बहर ओसरला, थंडी मात्र हटत नाही. मी बरी आहे. मासे शेजारच्या म्हातारीला दिले, रागावू नकोस.

"विधवा बाई या वयात दात काळे करते, कोणी नवरा गाठलास की काय?" असं लिहिलंस. वाचून हसू आलं. काडेपेटीच्या कारखान्यातल्या पोरीही तेच म्हणतात. "तोसेमावशी, गंजके खिळे चहात भिजवून हल्ली कोण दातांना लावतं? तो म्हातारा दाखवा तरी!" मी म्हणते, "दाखवते, आधी हात चालवा."

काम तेच. पिवळा फॉस्फरस दिसायला मेणासारखा. पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर आपणहून पेटतो. तो सरसात कालवायचा आणि काड्यांची टोकं त्यात बुडवायची. दिवसभर लसणीसारखा वास आणि धूर. साहेब सांगतात, हाच बंद भांड्यात तापवला की तांबडा होतो आणि गरीब गाईसारखा निमूट राहतो. सरकार लवकरच पिवळा बंद करणार म्हणे. मग आजच का नाही, असं विचारलं तर मुकादम इगावा खेकसला, "आणलेला माल काय समुद्रात ओतू?"

आता तुझ्या लेकीचं, कियोचं. महिनाअखेर तिला बोटीत बसवून माझ्याकडे कामाला धाडते म्हणतेस. पण माझी खोली लहान आहे. पाणी लांबून आणावं लागतं. शहरात पोरी बिघडतात.

हे सगळं खरं आहे, पण त्यासाठी मी नको म्हणत नाहीये.

किडक्या दाढेतून हा धूर हाडात शिरतो. म्हणून मुकादम दर महिन्याला आमची तोंडं उघडून बघतो. कीड दिसली की कामावरून काढतो. काळ्या दातांत कीड दिसत नाही. भांडं मागितलं ते एवढ्यासाठी. माझी खालची दाढ गेल्या उन्हाळ्यातच पडली, आता जबड्याचं हाड सुटतंय. सकाळी उशीला पू लागलेला असतो. मासा चावता येत नाही. माझा वास मलाच सोसवत नाही, नामी. नव्या वर्षाला आले नाही ते कामामुळे नव्हे.

तरी रेटलं असतं. पण काल हात्सु नावाची पोर, आपल्या कियोएवढीच, गाल धरून जवळ आली. "मावशी, मलाही थोडं दातवण द्या ना. उद्या तपासणी आहे." तिला जवळ घेऊन रडावंसं वाटलं, पण तोंडाला वास येतो म्हणून लांबच उभी राहिले.

भांडं परत पाठवते आहे. आत पुन्हा काही भिजवू नकोस. राखेने दात घासून निघालं तेवढं काळं काढलंय. आज मुकादमापुढे सगळ्यांच्या देखत तोंड उघडणार आहे. पोरींना बघू दे आत काय आहे ते. हात्सुला सांगितलंय, माझ्यामागे उभी राहा.

कियोला पाठवू नकोस. बोट तिच्याशिवाय येऊ दे, परतीला मी बसेन. दारात उभी करशील ना?

माझा भात तेवढा मऊ शिजव.

तुझी थकलेली ताई,
तोसे