मान डोलेपर्यंत

मावशे,

तू मला भर वर्गातून बाहेर काढलंस, त्याला आज चार महिने झाले. त्याच तिरमिरीत मी कॉलेज सोडलं. आई म्हणते, "युरोपातल्या जमातींची भांडणं अभ्यासण्यात तिची तीस वर्षं गेली, आणि सख्ख्या भाच्याशी जमवून घेता येईना!"

तुझा वर्गातला नियम मला पाठ आहे. भांडायचं असेल तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि त्याची मान डोलेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. तिकडच्या दुभंगलेल्या गावांतल्या लोकांना तू म्हणे असंच बोलतं केलंस. मी मात्र त्या दिवशी, जिच्यावर माझा जीव आहे तिचंच बोलणं मध्येच तोडून बाकावर मूठ आपटली.

काल ती वाचनालयाच्या पायऱ्यांवर भेटली. म्हटलं, थांब, आधी तुझी बाजू मांडतो. "मी भडकू आहे. तुला एक वाक्य पुरं करू देत नाही. वर म्हणतो, प्रेम आहे."

तिनं मान डोलावली. जरा जास्तच जोरात.

"आता माझी बाजू?"

"ती अख्ख्या कॉलेजनं ऐकलीय," ती हसली. "आधी वर्गात परत ये. मग चहाचं बघू."

मावशे, आता तुझी बाजू. भाचा म्हणून मला सूट दिली असतीस, तर तो नियम पुढे कोणी पाळला असता? बरोबर ना?

पण तुझी मान डोलली की नाही, हे पत्रातून मला कसं दिसणार? म्हणून हे पाठवत नाही, समोर येऊन वाचून दाखवतो. परतीचा अर्ज भरलाय, सही तुझी लागते. तासाभरात तुझ्या दाराशी येतो.

तुझाच,
भडकू