पाट हवी

३१ ऑगस्ट १९९७, रविवार
माळ्यावरचे दोन्ही पाट आज खाली उतरवले. वाळवीने आतून पूर्ण पोखरलेले. अंगठा टेकवला तो सरळ आत गेला आणि त्या पांढऱ्या, मऊ, वळवळणाऱ्या किड्यांचा लगदा नखात अडकला. तीनदा साबणाने हात धुतले. जेवण गेले नाही.

अविधवा नवमी २४ सप्टेंबरला आहे. पत्नी सुमनचे वर्षश्राद्ध आषाढात पार पडले. त्यानंतरची ही पहिली नवमी. पुत्र नाही, तेव्हा करणारा मीच. सवाष्ण म्हणून समोरच्या लताबाई येतील. त्यांना बसवण्यास घरात पाट नाही.

आणि पाटच काय तो सु.ने आयुष्यात माझ्याकडे तोंड उघडून मागितला. शेवटची तीन वर्षे. ‘एक पाट हवी होती हो, चांगलीशी.’ मी प्रत्येक वेळी: ‘पाट पुल्लिंगी आहे. हवा होता. आणि घरात दोन आहेत.’ मग ती तांदूळ निवडू लागे. जन्म इथलाच, सुरतेतला, शाळा गुजराती. तिची लिंगे शेवटपर्यंत सुधारली नाहीत.

संकल्प: पाट स्वतःच्या हातांनी करायचा. विकतचा आणणे म्हणजे पुन्हा एकदा तिला टाळणे. लिहून ठेवतो, म्हणजे माघार घेता येणार नाही.

२ सप्टेंबर
ऑफिसातून येताना करवत, रंधा, पटाशी, काटकोन पाहायचा गुण्या घेतला. रद्दीवाल्याकडे हौशी लोकांसाठी सुतारकाम शिकवणारी एक पुस्तिका मिळाली. भाषा संतापजनक. ‘रविवारच्या एका प्रसन्न दुपारी आपण सहज...’ चित्रातल्या गृहस्थाच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नाही, आणि मागे पत्नी चहाचा कप घेऊन हसत उभी. पान उलटून टाकले.

४ सप्टेंबर
लाकूड. हार्डवेअरवाला म्हणे, ‘साहेब, प्लाय ले लो, ऊपर सागवान का कागज चिपका दो. भगवान को भी पता नहीं चलेगा.’ या शहरात आता सर्वच वस्तूंवर कागद चिकटवलेला असतो. निघालो. भंगारात एका मोडक्या कपाटाची सागाची फळी मिळाली. वास येतो, झुरळांचा. तरी साग आहे.

७ सप्टेंबर, रविवार
सकाळी साडेसात ते एक. रंधा लाकडावरून सरकत नाही, चावत जातो. शिरांच्या उलट दिशेने ओढल्यामुळे पृष्ठभागावर खरूज झाल्यासारखे झाले आहे. खाली गणपतीच्या मांडवात कर्णा. एकच गाणे, सात वेळा.

लताबाई दाराशी येऊन उभ्या. या खानदेशातल्या, यजमान इथल्या उधन्यातच लूम चालवतात, सु.ची बारा वर्षांची सोबतीण. माझ्याशी बोलताना अहिराणी आवरून धरतात, पण हसू आले की ती निसटते.
‘भाऊ, हाई काय करी राहिनात? लाकूड छिली राहिनात का कांदा?’
मी म्हणालो, पाट करीत आहे.
‘कोणासाठी?’
‘आपल्यासाठी. नवमीला.’
त्यांचे हसू एकदम थांबले. पदर सारखा करून गेल्या. थोड्या वेळाने वाटीत शेव पाठवली. खाल्ली नाही, हाताला झुरळांचा वास होता.

९ सप्टेंबर
पाटाखालच्या पट्ट्या चिकटवण्यासाठी पुस्तिकेप्रमाणे सरस शिजवला. जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात हे मागाहून वाचले. देवकार्याच्या पाटाला! भांडे टाकून दिले, ओटा फिनेलने पुसला. वास भिंतीत शिरला आहे. पट्ट्या खिळ्यांनीच ठोकाव्या लागतील.

११ सप्टेंबर
नाशिकहून मीनाचा फोन. ‘बाबा, तुम्ही आणि सुतारकाम? तुम्हाला साधी खुंटी ठोकता येत नव्हती, आई ठोकायची.’ खरे आहे. ‘विकत आणा ना एक, कोण विचारतंय?’ मी म्हणालो, प्रश्न विचारण्याचा नाही. कशाचा आहे ते तिला सांगता आले नाही. मुलीपाशी असली भाषा मी कधी वापरलेली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
फळीची जाडी एक इंच, खिळे दीड इंचाचे. हे गणित मॅट्रिकच्या मुलालाही सुटले असते. मी बी. ए., प्रथम वर्ग, संस्कृत. फळीखालची पट्टी अर्धा इंच तरी गिळेल असे धरले होते; पण ती न लावताच खालून ठोकले आणि दोन खिळे वरून बाहेर. काढावयास गेलो तो फळी शिरेवर उभी चिरली.

लताबाई पाहून गेल्या. ‘भाऊ, हाऊ पाट सवाष्णसाठे शे का सासूसाठे?’
त्यांचे यजमान मागून म्हणाले, ‘आते गप बठ ना वं.’ मला हसू आले नाही असे नाही. मग स्वतःची शिसारी आली. सत्तावीस वर्षे हेडक्लार्क. इतरांच्या टिपणांतील चुकांवर लाल शाईने वर्तुळे काढीत आलो.

दहा दिवस उरले.

१६ सप्टेंबर
हे सावकाश लिहितो.

चांगली फळी घ्यावी म्हणून रेल्वे फाटकापलीकडच्या लाकडाच्या वखारीत गेलो. मालक जयंतीभाई, वयस्कर, उघडे अंग, टेकून बसलेले. म्हणालो, पाट माटे लाकडुं जोईए. गुजराती मी व्यवहारापुरते बोलतो.
‘केटला फूटनी?’
‘सव्वा फूट.’
करवतीवरचा माणूसही हसला. ‘सवा फूटनी पाट? काका, ए तो पाटलो कहेवाय! पाट तो आ.’ आणि ज्यावर ते बसले होते त्यावर त्यांनी थाप मारली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, चार पाय. सागाचा बाक म्हणावा की बिनकठड्याचा पलंग. बसता येते, आडवे होता येते, पाय खाली सोडता येतात. घरोघरी, दाराशी, गॅलरीत असतो. असते. तिकडे तो शब्द स्त्रीलिंगी आहे.

फळी पोचवण्यासाठी पत्ता सांगितला. त्यांनी डोळे बारीक केले. ‘त्रीजे माळे? त्यांथी एक मराठी बेन आवतां’तां. घूंटणनी तकलीफ. पाटनो भाव पूछी गयां, बे वार. कहे, साहेबने पूछीने आवुं.’
मग?
‘पछी आव्यां ज नहीं.’

तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांचा त्रास असलेली मराठी बाई एकच होती.

फळी घेतली. सव्वा फूट.

१७ सप्टेंबर
मीनाला फोन केला. आईला काय हवे होते, हे तुला ठाऊक होते का?
‘पाट ना? गॅलरीत टाकायला. खाली बसलं की तिला उठता येत नव्हतं, म्हणून तर त्या तेलाच्या डब्यावर बसायची.’
मला का सांगितले नाहीस?
‘तिने विचारलं होतं ना तुम्हाला. म्हणाली, बाबा नको म्हणतात.’

मी नको म्हणालो नव्हतो. मी ‘हवा’ म्हणालो होतो.

१८ सप्टेंबर
ऑफिसात एका टिपणात ‘वस्तू आला’ असे होते. लाल पेन उचलले. कागद तसाच पुढे पाठवला.

तो डबा उलटा घालून त्यावर बसलेली ती मला रोज दिसत असे. गॅलरी बकाल दिसते, असे मी म्हणालो होतो. तिने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला. डबा का, हे विचारावे असे मला सुचले नाही. डबा शोभत नाही, एवढेच सुचले. या माणसाबरोबर मला आता एकाच घरात राहावयाचे आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
सव्वा फुटाचा पाट झाला. या वेळी खिळे मापाचे. एक कोपरा डुगडुगतो. ज्या वस्तूवाचून तिचे काहीच अडले नव्हते ती वस्तू मी तीन आठवडे बोटे सोलून केली, आणि तीही वाकडी. फेकावासा वाटला. परंतु सवाष्ण जमिनीवर बसवता येत नाही.

२४ सप्टेंबर, भाद्रपद वद्य नवमी
स्वयंपाकासाठी एक बाई लावली. खीर, वडे, अळूची भाजी. खण-नारळ ताटात घालून ठेवले. ओटी भरणारे घरचे बाईमाणूस नाही. लताबाईंनी ते आपण होऊन उचलून पदरात घेतले, म्हणाल्या, ‘असू द्या भाऊ, वहिनींनीच भरली समजते.’

पाटावर बसल्या आणि तो खट्‌ असा डावीकडे कलला. त्या सावरल्या. मग जेवणभर खट्, खट्. दर घासाला. मला जमिनीत गडप व्हावेसे झाले. त्या मात्र मुद्दाम डुलल्यासारख्या करीत होत्या. ‘झुला शे झुला!’

हात धुतल्यावर मी त्यांना वखारीतले सांगितले. सगळे नाही. पाटलो आणि पाट, एवढेच. त्या हसल्या नाहीत.
‘मग आता करणार का?’
‘कोणासाठी?’
त्या खरकटे काढू लागल्या. मी नको म्हणालो, तरी.

२८ सप्टेंबर, रविवार
वखारीत गेलो. का, ते स्वतःस विचारले नाही. मूर्खपणा आहे. सहा फुटांची फळी, चार पाय. जयंतीभाई: ‘ऊंचाई केटली राखवानी?’
पुस्तिकेत पाहिले होते: बैठकीची उंची म्हणजे जो बसणार त्याच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे अंतर. अमुक इंच असे सर्वांना लागू पडत नाही, असे खाली ठळक अक्षरात.

जयंतीभाई थांबून राहिले. मी म्हणालो, नंतर सांगतो. पाय लांबच ठेवून आणले. कापून आखूड करता येतात. जोडून लांब करता येत नाहीत.

२९ सप्टेंबर
तिच्या बांगडीचे माप ठाऊक आहे, दोन-सहा. चप्पल पाच नंबर. चष्म्याचा नंबर कागदावर आहे. ज्या गुडघ्यांसाठी हे सर्व, त्यांची उंची ठाऊक नाही. कपाटात एक्स-रे सापडला. दिव्यासमोर धरून पाहिला. त्यात गुडघा आहे, जमीन नाही.

पुन्हा पाकिटात घालून ठेवला. बोटांना फिल्मचा चिकटपणा. किळसवाणा.

२ ऑक्टोबर, सुट्टी
पाय स्क्रूने बसवले. या खेपेस वरून काहीही बाहेर आले नाही. रंधाही जरा बरा चालतो. शिरा कोणत्या दिशेला जातात ते आधी बोटाने पाहतो. गॅलरीत ठेवले. बावीस इंच उंच. उंटासारखे दिसते. रस्त्यावरून कोणी पाहिले तर काय म्हणेल, हा विचार आलाच. माझ्यातून तो जाणार नाही.

लताबाई आल्या. उडी मारून बसल्या, पाय लोंबकळू लागले. ‘भाऊ, याच्यावर चढायला शिडी लागीन. वहिनी तर माझ्यापेक्षा बुटक्या.’
‘किती बुटक्या?’
‘आता काय सांगू. मी रोज दुपारी तेल चोळायची ना त्यांच्या गुडघ्यांना, डब्यावर बसवून.’
रोज?
‘तुम्ही ऑफिसला असायचे.’

खाली उतरल्या. पाटाच्या पायाशी उकिडव्या बसून त्यांनी तळवा आडवा धरला. ‘गुडघा एवढ्यावर यायचा. माझा हात असा पुरायचा.’ मी आत जाऊन टेप घेऊन येईपर्यंत हात खाली गेला होता.

पुन्हा दाखवा, म्हणालो. त्यांनी डोळे मिटले आणि हात धरला. या वेळी जरा वर. पेन्सिलीने खूण केली. पहिली कुठे होती तीही अंदाजाने केली.
‘कोणती बरोबर?’
‘दोन्ही असतील,’ त्या म्हणाल्या. ‘सूज असायची त्या दिवशी वेगळं.’

दोन खुणांमध्ये पाऊण इंचाचे अंतर आहे. वरच्या खुणेइतकी उंची ठेवली तर पुढे आणखी कापता येईल. खालच्या खुणेइतकी ठेवली तर संपले. दुपारी उलटे करून वरच्या खुणेच्या मापाने पायावर करवत टेकवली, दात किंचित रुतले, तेवढ्यात हात घसरला आणि करवत बाहेरच्या बाजूला गेली.

आज एवढेच. लाकडावर ओरखडा राहिला आहे, दोन खुणांखेरीज तिसरा, आणि तो कोणत्याच मापाचा नाही.