समोर दुसरी गाडी नव्हती

इंदिरानगर, नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

ती. देवरामदादास,
मंजुषाचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. किशोरची बदली टळली, ऑफिस नाशिक रोडलाच राहिलं. ओमची सर्दी गेली, शाळा सुरू झाली. तिकडे भात निसवलं का? आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, येताना आणीन.

फोनवर रोज बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी सांगायला सुरुवात केली की तू मध्येच दुसरं काहीतरी विचारतोस आणि मला गप्प बसायला निमित्त मिळतं. दोनदा असं झालं. कागद मध्ये बोलत नाही.

गाडीविषयी लिहायचं आहे.

गाडी पाथर्डी फाट्याजवळच्या गॅरेजमध्येच आहे. रेडिएटर फुटलाय, पुढचं चाक आत दबलंय, बॉनेट उघडत नाही. इंजिन मात्र वाचलं, असं मिस्त्री म्हणाला. मी काम सुरू करायला सांगितलंय. खर्च आम्ही करतोय. थांब, रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

परवा तू आलास, नागलीचे पापड घेऊन. चहा तसाच निवला. मग खाली बघत म्हणालास, "मंजे, मी पुन्हा जाऊन विम्यावाल्यांना सांगू का? समोरून टेम्पो आला व्हता, त्याला चुकवाया गेलो, असं?"

मी फक्त "नको" म्हणाले. तू मान हलवलीस आणि उठलास. तुला लिफ्टपर्यंत सोडायलासुद्धा मी आले नाही. बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिले. वासरू आडवं आलं, गाडी चरात गेली, तर "वासरू आडवं आलं" एवढंच सांगणारा माझा भाऊ, आणि मी त्याला खोटं बोलायच्या तयारीला आणलं.

कारण विमा कंपनीने पैसे नाकारले ते तुझ्या बोलण्यामुळे नाही, दादा. तू टेम्पो सांगितला असतास, काहीही सांगितलं असतंस, तरी आपल्या विम्यातून मिळणार नव्हतं.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं, कोणाला लागलं, तर त्याची भरपाई करणारा एक. तो कायद्याने काढावाच लागतो. दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीसाठी. ती चरात गेली, कड्याला घासली, तिच्यावर झाड पडलं, चोरीला गेली, तर तो कामाला येतो. तो हवा असेल तर वेगळा घ्यावा लागतो. आपल्या गाडीचा फक्त पहिला काढलेला होता.

आणि तो काढला मी. एप्रिलमध्ये तू म्हणाला होतास, "तुला कळतं त्यातलं, तूच काढ. पन फुल काढ, आपला घाटाचा रस्ता हाय." मी ऑफिसात जेवता जेवता मोबाइलवर काढला. दोन्ही पर्याय समोर होते. घाईत खालचं वाचलं नाही, असं मी किशोरला सांगितलं.

तेही खरं नाही. वाचलं होतं. "स्वतःच्या वाहनाचे नुकसान समाविष्ट नाही," असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. मला वाटलं, जुनी गाडी, दादा जपून चालवतो, कशाला उगाच जास्त भरायचं. तुला विचारलं नाही. वर फोन करून सांगितलं, "काढला रे, सगळं आहे त्यात."

गॅरेजच्या दारात तू कपाळाला पट्टी बांधून उभा होतास. मी कंपनीशी बोलून फोन ठेवला. तू विचारलंस, "काय म्हनले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "समोर दुसरी गाडी नव्हती ना, म्हणून नाही मिळणार."

वाक्य पूर्ण खोटं नव्हतं. दुसऱ्या गाडीची चूक असती तर तिच्या विम्यातून आपल्याला मिळालं असतं. म्हणून तर ते इतक्या सहज निघालं. पण तू त्यातून काय समजलास ते मला तिथेच दिसलं. तुझा चेहरा पडला. तू म्हणालास, "मीच सांगितलं ना त्यांना, कोनी नव्हतं म्हनून." तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला. मी पर्समध्ये किल्ली शोधायला लागले.

त्यानंतरचं सगळं तुझ्या लेकीने, तृप्तीने मला फोनवर सांगितलं. पुंजामामा भर बाजारात म्हणाले, "लय खरं बोलला, आता फिर पायी." मीनावहिनी तुझ्याशी धड बोलत नाहीत. शेजारच्या साधनाला कळा सुरू झाल्या तेव्हा तुझी गाडी नव्हती, ती जीपची वाट बघत रस्त्याकडेला बसली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत, पण तू तिच्या सासूला म्हणालास, "माझ्या तोंडामुळं झालं." ते ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

काल किशोरला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय सांगतेस? दादांना सांग."

गाडी उभी राहिली की कंपनीचा माणूस येऊन बघून जाईल, मग राहिलेला विमाही काढता येईल. त्यात सगळंच मिळतं असं नाही, काही भागांचे पैसे कापतात, काही गोष्टी बसतच नाहीत. म्हणून त्या दिवशी तू शेजारी बस. ओळ न् ओळ वाचू, तू हो म्हटल्याशिवाय मी बोट लावणार नाही.

हे पत्र मीनावहिनींना वाचायला दे. पुंजामामांना मी स्वतः सांगेन. येत्या बाजाराच्या दिवशी हरसूलला येते आहे, एकटीच. जे तुला ऐकावं लागलं ते मला ऐकू दे.

माफ कर असं लिहिलं होतं, खोडलं. ते कागदावर मागून तुझ्याकडून फोनवर घेणं फार सोपं झालं असतं. रागावलास तर रागाव, बोलू नकोस. फक्त मी येईन तेव्हा घरात अस.

तुझीच,
मंजे